महानंदाच्या नावापुढची जुनी पाटी

मी एकदा भर कट्ट्यावर शिवराजअप्पांना फसलेला माणूस म्हणून जाहीर केलं होतं. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे अडुसष्टची. हातात नवा स्मार्टफोन, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय.

अप्पा आमचे लातूरचे शेजारी, निवृत्त तलाठी. लोकांच्या जमिनींचे सातबारे सांभाळण्यात जन्म गेला. माझ्या दारात मांजर व्याली तरी विचारणार, "पिलांची नोंद कुणाच्या नावानं लावली, अक्का?"

बायको गेल्यावर अप्पांनी कुठल्याशा परक्या माणसाकडून इंटरनेटवरचं एक नाव विकत घेतलं. 'महानंदा'. बायकोचंच. ब्लॉकचेनवरचं, म्हणजे हजारो संगणकांवर मिळून एकच वही असते, तिथलं. मी मोठ्या ऐटीत अशा नावांच्या बाजाराची साइट उघडली. तिथं मालक जुनाच, शेजारी 'विक्रीस आहे'. झालं! मी बातमी फोडली. अप्पांनी कट्ट्यावर यायचंच सोडलं.

आठवड्यानं फोन घेऊन माझ्या दारात उभे. "हे बघा. मूळ वहीत मालक मीच हाय. ह्या बाजारवाल्यानं फेरफार घेतलाच न्हाई."

"मग राहू द्या की. मूळ नोंद बरोबर आहे ना?"

"राहू द्या? महानंदाच्या नावापुढं 'विक्रीस' लिव्हलंय, अक्का!"

मी चष्मा चढवून त्यांच्या हातातला फोन घेतला.

त्या पानावर माहिती ताजी करायचं गोल बाणाचं बटण होतं. अप्पा रोज आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, ऑफिसचा शर्ट घालून बरोबर दहाला ते दाबायचे. पान ढिम्म. मग त्यांनी अर्ज लिहिला, 'मेहेरबान बाजारप्रमुख साहेबांस'. वर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं, फोटो काढला, पाठवला. मी पोट धरून हसले. उत्तर काही आलं नाही. शेवटी केल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून मीच मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार ओळी खरडल्या आणि खरेदीच्या व्यवहाराचा क्रमांक जोडला. बारा दिवसांनी अप्पांनी बटण दाबलं, तर मालकाच्या जागी त्यांच्याच खात्याचा लांबलचक क्रमांक. 'विक्रीस' गायब.

त्यांना ओढतच कट्ट्यावर नेलं आणि सगळ्यांसमोर माझे शब्द मागे घेतले. परत येताना विचारलं, "पण अप्पा, या नावाचं करणार काय?"

अप्पा म्हणाले, "रेशनकार्ड, मतदार यादी, समदीकडनं तिचं नाव कमी करायचे अर्ज मीच भरलो, अक्का. म्हणलं, एक जागा अशी असावी, जिथं नाव कमी करायचा फॉर्मच न्हाई."