बिल्ला कुठंय?

जिंतूरकर सर कुणाला नमस्कार करत नाहीत. माणूस समोर आला की त्यांची नजर आधी त्याच्या खिशाकडे जाते आणि ते विचारतात, "बिल्ला कुठंय?"

हा बिल्ला म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते टिपणारी छोटीशी पट्टी. सेलूजवळच्या आमच्या कृषी संशोधन केंद्रात मातीतला ओलावा मोजायचं एक यंत्र आहे. त्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढा किरणोत्सर्गी स्रोत आहे. तो बाळगायला परवाना लागतो, परवान्याला सुरक्षा अधिकारी लागतो, आणि तो अधिकारी म्हणजे जिंतूरकर सर. यंत्राशी संबंध येणाऱ्या पाच जणांनी छातीवर बिल्ला लावायचा. दर तीन महिन्यांनी बिल्ले तपासायला मुंबईला जातात आणि प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहिलेला कागद परत येतो. मी इथली कार्यालय अधीक्षक. परवान्याची फाईल माझ्या कपाटात, त्यामुळे सरही माझ्याच वाट्याला.

एकदा पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुणे गाडीतून उतरले. त्यांच्या छातीवर तिरंगी बिल्ला होता. सरांनी तो वाकून पाहिला आणि म्हणाले, "हा नव्हे." पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना घाईघाईने झेंड्याकडे नेलं.

आमच्या एका तंत्रज्ञाचा बिल्ला शर्टासकट धुण्यात गेला, तेव्हा सरांनी त्याच्याकडून दोन पानी खुलासा लिहून घेतला. वर त्याच्या बायकोला वेगळं पत्र धाडलं. विषय होता, कपडे भिजवण्यापूर्वी खिसे तपासणे. त्या बाई अजून मला बाजारात भेटल्या की आधी सरांची चौकशी करतात. ती प्रेमाची नसते.

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "आधी मोजा, मग घाबरा." गोदामात साप निघाला तेव्हा आम्ही सगळे टेबलांवर चढलो होतो. सरांनी दारातून विचारलं, "किती फुटी?"

तर असे हे सर. बिल्ला हरवणाऱ्याला त्यांच्या लेखी माफी नव्हती. दर सोमवारी सगळ्यांना उभं करून ते सांगायचे, "बिल्ला हरवला तर खैर नाही." तेव्हा सगळ्यात जास्त मान हलवायचा तो मुंजाजी.

मुंजाजी आमचा शेतावरचा मदतनीस. देवगाव फाट्याच्या आत त्याची वस्ती. घरी शेळ्या-मेंढ्या, दीड एकर कापूस. यंत्राची पेटी गोदामातून शेतात न्यायची आणि परत आणून कुलपात ठेवायची, हे त्याचं काम. बोलणं कमी, काम चोख.

यंदा परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मी तयार करत होते, तेवढ्यात मुंबईचा कागद आला. चार नावांपुढे नेहमीचे किरकोळ आकडे. पाचवं नाव मुंजाजीचं. त्याच्यापुढचा आकडा मर्यादेच्या बराच वर.

सरांनी कागद दोनदा वाचला. "बिल्ला कुठंय" नाही, "मोजा" नाही, काहीच नाही. खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. मग उठून नियमाप्रमाणे सगळं केलं. मुंजाजीला यंत्रापासून लांब केलं, त्याचं रक्त तपासणीला पाठवलं, मुंबईला कळवलं, नूतनीकरण थांबलं. त्या तीन महिन्यांची नोंदवही काढून त्यांनी मुंजाजीचे पेटी हाताळण्याचे तास मोजले. गणित जुळेना.

"एवढ्या तासांत एवढा आकडा येणंच शक्य नाही," ते म्हणाले. "मुंजाजी, खरं सांग, बिल्ला कुठं होता?"

"अंगावरच व्हता साहेब," मुंजाजी जमिनीकडे पाहून म्हणाला.

चौथ्या दिवशी त्याची बायको कौसाबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"म्याडम, ह्यांला काय झालंय? गोठ्यात निजायलेत. ताट येगळं, तांब्या येगळा. नात रांगत गेली की वरडून पळायलेत. पोरगी दिसभर रडायलीय. मरायचा रोग हाय का काय, ते तरी सांगा."

पलीकडच्या टेबलावर सर सही करत होते. त्यांचं पेन थांबलं.

"रोग नाही हो," ते म्हणाले. "रोग नाही. हे त्याला सांगायचं राहिलंच माझ्याकडून." मग माझ्याकडे वळून, "जीप आहे का?"

जीप होती. आम्ही तिघं निघालो.

मुंजाजी शेळ्यांच्या गोठ्यात पोत्यावर बसला होता. सर सरळ आत गेले आणि त्याच्या शेजारी त्याच पोत्यावर बसले.

"हे बघ, मुंजाजी. त्या यंत्रातले किरण अंगावर पडून जातात, अंगात राहत नाहीत. छातीचा फोटो काढून आलेला माणूस घरच्यांना बाधतो का? तुझ्यापासून लेकराला काहीही नाही. घे तिला."

"मन धजंना साहेब."

"माझंही धजलं नव्हतं."

सर शेळीकडे पाहत म्हणाले, "माझी मुलगी झाली तेव्हा मी या कामात नवीन होतो. किरणोत्सर्गी फॉस्फरस घालून खतावर प्रयोग करायचो. रोज हात धुवायचो, कपडे तपासायचो, यंत्र शून्य दाखवायचं. तरी घरी गेलो की लांब बसायचो. मोजूनही घाबरलो. वर्षभर तिला उचललंच नाही."

"मंग?"

"मग ती चालायला लागली. लांब लांबच."

सरांना पुण्यात मुलगी आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं.

कौसाबाईने नात आणली. मुंजाजीने धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले आणि तिला घेतलं. पोरीने लगेच त्याच्या मिशीला हात घातला. मुंजाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या पाण्याबरोबर सगळं बाहेर आलं.

"साहेब, एक सांगू का? रागावू नका. कापसात वाकलं की त्यो बिल्ला पडंल, अशी धास्ती वाटायची. तुमी म्हणले, हरवला तर खैर न्हाई. मंग सकाळी तुमी बगायचे तवर लावायचो, आन् मागून पेटीत ठिवायचो. लय हिफाजतीनं. कुलपाची हाय ना ती."

"कोणत्या पेटीत?"

"यंतराच्या."

मुंजाजी घरी भाकरी खात होता, झोपत होता, आणि त्याचा बिल्ला तीन महिने रात्रंदिवस त्या स्रोताला चिकटून मुक्कामाला होता!

सर हसले. मी चौदा वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं ठसका लागला. मी पाठीवर थापटायला निघाले होते.

पुढचं सगळं रीतसर झालं. सरांनी एक बिल्ला मुद्दाम पेटीत ठेवून पाहिला, आकड्यांचं प्रमाण जुळलं. रक्ताचा अहवाल स्वच्छ आला. मुंबईला चौकशी अहवाल पाठवायचा होता, तो मी टाइप केला. 'घटनेचे कारण' या रकान्यात सरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं: "सुरक्षा अधिकाऱ्याचा अवाजवी धाक."

"सर, हे तुमच्या फाईलला लागेल," मी म्हटलं. "'कर्मचाऱ्याचा गैरसमज' लिहू का?"

"गैरसमज कुणी करून दिला?" ते म्हणाले. "राहू द्या."

ते वाक्य तसंच गेलं. दीड महिन्याने परवाना नूतनीकरण होऊन आला. गोदामाबाहेर स्रोतापासून दूर फळी लावा, काम संपल्यावर बिल्ले तिथेच टांगा, एवढी एक अट घालून. मी ते पत्र फाईलला लावलं आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी स्वस्थ झोपले. मुंजाजी पुन्हा कामावर आला.

त्याच आठवड्यात सरांचा रजेचा अर्ज माझ्याकडे आला. माझ्या नोकरीत त्यांचा पहिलाच. बुधवार-गुरुवार असे दोन दिवस, कारण 'मुलीला भेटणे'. मी कॅलेंडर पाहिलं आणि त्यांच्या खोलीत गेले.

"सर, शुक्रवारची सुट्टी आहे. पुढे शनिवार-रविवार जोडून घेतलेत तर पाच दिवस होतात."

"पाच दिवस?" सरांनी चष्मा काढून हातात धरला. "पाच दिवस काय बोलू मी तिच्याशी?"

मी अर्जावर दोनचे पाच केले आणि सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.