वायरलेस खोलीचा तौलनिक अहवाल

आमच्या बंदराच्या वायरलेस खोलीत मदाम सुहैर अकरा वर्षं हंगामी होत्या. परदेशी जहाजांशी इंग्रजीत बोलायचं, अडकलेल्यांना ओढबोट पाठवायची, एवढंच काम. त्या ते नीट करत, म्हणून वरिष्ठांचं त्यांच्याकडे कधी लक्षच गेलं नाही. यंदा ती जागा कायम करायचं ठरलं आणि सगळ्यांचंच लक्ष गेलं. परीक्षेत पहिला येईल तो कायम, मदाम पहिल्या आल्या नाहीत तर घरी, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

इंग्रजी आकलनाची लेखी परीक्षा झाली. उतारा पेंग्विनवर होता. नोंदणी विभागातल्या उस्ताद वगदींना (आमच्याकडे कारकुनालाही मानानं उस्तादच म्हणतात) शंभरपैकी शंभर पडले. खात्याच्या परीक्षांना गेली सहा वर्षं तोच उतारा येतो, हे त्यांनी कसून अभ्यास करून शोधलं होतं. मदामना बेचाळीस. 'पायांवर अंडं घेऊन उभं असताना पेंग्विनला काय वाटलं असेल?' या प्रश्नाला त्यांनी 'थंडी' लिहिलं. नमुना उत्तर 'अभिमान' होतं.

"जहाजं मला पत्रं लिहीत नाहीत हो, डॉक्टर," मदाम संचालकांना म्हणाल्या. "बोलून तरी बघा माझ्याशी."

आमचे संचालक डॉक्टर बहगत न्यायी गृहस्थ. त्यांची डॉक्टरेट बटाट्याच्या साठवणुकीतली आहे, पण न्याय सगळीकडे सारखाच. वाचून समजणं आणि आयत्या वेळी बोलणं, या दोन परीक्षांची तुलना करायला त्यांनी समिती नेमली आणि मला सचिव केलं. उत्स्फूर्त संभाषणाला वेळ ठरला तीन मिनिटं.

आता आमच्याकडे समोरच्याची खुशाली न विचारता कामाचं बोलणं म्हणजे घरात शिरताना उंबऱ्यावर थुंकल्यासारखं. उस्ताद वगदी आत आले आणि इंग्रजीत म्हणाले, "कसे आहात?"

"देवाची कृपा. तुम्ही कसे आहात?"

"देवाची कृपा. आई कशा आहेत?"

मग आईचा गुडघा, थोरलीचं लग्न, धाकट्याचा दात आणि मेव्हण्याची कुवेतची नोकरी इथपर्यंत येतायेता घंटा वाजली. प्रश्न विचारायचा राहूनच गेला. पण डॉक्टरांचे डोळे पाणावले होते. शंभरपैकी शंभर.

मदाम आल्या. डॉक्टर म्हणाले, "समजा मी कप्तान आहे. जहाजात पाणी शिरतंय."

"कुठे आहात, माणसं किती, पाणी किती? पंप सुरू करा, ओढबोट निघाली."

नऊ सेकंद झाले होते. डॉक्टरांनी वाट पाहिली.

"आणि मी कसा आहे, ते नाही विचारणार?"

"बुडताय ना, मग कसे असणार?"

मी शेरा लिहिला: 'भाषा अस्खलित, परंतु संभाषण अपुरे. उमेदवारास माणसांची आवड नाही.' शब्द डॉक्टरांचे, अक्षर माझं. समितीचा निष्कर्षही माझ्याच अक्षरात आहे: दोन्ही परीक्षांत तोच पहिला आणि तीच शेवटची, सबब दोन्ही परीक्षा विश्वासार्ह आहेत.

वगदी कायम झाले. मदाम आपला चहाचा पेला पिशवीत घालून घरी गेल्या. आठव्या दिवशी एका ग्रीक जहाजानं हाक दिली. ते ध्वनिमुद्रण कार्यालयात सगळ्यांनी ऐकलंय.

"पाणी शिरतंय," कप्तान म्हणाला.

"देवाची कृपा. तुम्ही कसे आहात?"

"बुडतोय."

"आई कशा आहेत?"

कप्तान म्हणाला, आई चार वर्षांपूर्वीच गेली. वगदी माणूस हळवा. आमच्याकडे सांत्वन घाईत उरकत नाहीत, त्यांनीही उरकलं नाही. मुलाबाळांची चौकशी सुरू झाली तेव्हा पाणी कप्तानाच्या छातीला लागलं होतं.

मदाम तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. जहाज कलताना त्यांना दिसलं. त्यांनी कोळ्यांना फोन केला, दोन वाक्यांत. चौदाच्या चौदा खलाशी वाचले, जहाज गेलं.

रीतसर चौकशी लागली. कामावरून कमी केलेल्या बाईनं विनापरवाना सुटका केलीच कशी, हा मुख्य मुद्दा. बाईंना बंदरावर कायमची बंदी, असा मसुदा तयार होता. सभागृहात आम्ही चाळीस जण होतो, समोर मदाम उभ्या. डॉक्टरांनी तो मसुदा वाचला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?"

चाळीसही जणांना अक्षर न् अक्षर समजलं होतं. मदामनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मला फायलीची नाडी बांधायची आठवण झाली. मसुदा एकमतानं मंजूर झाला. मला आजही त्याची लाज वाटते, तीही मी लेखीच कळवतोय.

तुम्ही मघापासून हसताय, म्हणजे तुम्हाला सगळं नीट समजलंय. आकलनाचे पैकीच्या पैकी गुण तुमचे. आता तुमच्या कचेरीत, तुमच्या सोसायटीच्या सभेत कोणीतरी अशीच बाई उभी आहे, आणि ती तुमच्याकडे पाहतेय. वेळ तीन मिनिटं. बोला.