वाचता येईल असा पत्ता

मेश्राम मावशी वेबसाइटचा पत्ता कानांनी तपासतात. आमच्या जयपूरच्या मराठी मंडळाच्या साइटवर नवं पान टाकलं, की मी त्यांना फोन करून त्याचा पत्ता वाचून दाखवायचा. मग त्या तोच पत्ता गाडी फलाटावर येत असल्याच्या थाटात, खणखणीत आवाजात परत म्हणतात. मध्ये कुठे अडखळल्या, की पत्ता नापास.

आवाज त्यांचा स्वतःचा, कमावलेला. मावशी मूळच्या नागपूरच्या. रेल्वेत घोषणा करायच्या नोकरीत होत्या, बदली होऊन जयपूरला आल्या आणि निवृत्तीनंतर बनी पार्कात एकट्याच राहिल्या.

मी जयपूरच्याच मानसरोवर भागात राहतो, विमा कंपनीत आहे. मला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी अफवा मंडळात उठली आणि साइट माझ्या गळ्यात पडली. पान लिहून बटण दाबलं, की सॉफ्टवेअर त्याला आपणहून पत्ता देतं. कोजागरीच्या पानाला त्याने एक प्रश्नचिन्ह आणि पुढे नुसते आकडे दिले. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काऊन रे अविनाश, कोजागरीले बोलावून राहिला का कैद्याचा नंबर सांगून राहिला?"

मी सेटिंग बदललं. आता मथळ्यावरून पत्ता तयार झाला, तोही देवनागरीत. मी खूश. पण व्हॉट्सॲपवर पाठवताच त्या देवनागरीची टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं झाली, ओळीच्या ओळी. मावशींनी तेही वाचायला घेतलं. "टक्का ई शून्य, टक्का ए चार..." थोड्याच वेळात त्यांना दम लागला. "अरे बाप्पा, हे तर व्याजाचे दर झाले!"

तेव्हापासून ठरलं: अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी, मध्ये आडव्या रेघा आणि स्पेलिंग मावशींचं.

मग दातेसाहेब सेक्रेटरी झाले. बँकेतले, नुकतेच बदलून आलेले. त्यांना पत्ते सरळ इंग्रजीत हवे होते. "मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत कोण शोधणार हो? मुलांनाही कळायला पाहिजे." मावशींच्या गोळाभाताच्या पानाला त्यांनी सुचवलं, 'राइस बॉल रेसिपी'.

"मग मलेच काढा समितीतून," मावशी म्हणाल्या आणि चहा न घेता सभेतून उठून गेल्या.

शनिवारी दुपारी मी समजूत घालायला त्यांच्या घरी गेलो. चहा उकळत होता, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर आठ-नऊ वर्षांची मुलगी. मावशींनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"आजी, आज कौन सा?"

"पत्ता पाठवला ना. वाच."

"गो... ला... भात."

"गोला नाही गं पोरी. जीभ मागं ने. गोळा!"

"गो-ळा-भात. मतलब क्या, आजी?"

मग मावशी सांगत सुटल्या. डाळीच्या पिठाचे गोळे, ते भातावर वाफवायचे, वरून फोडणीचं कडकडीत तेल, आणि त्यांची आई तेल ओतताना पोरांना कशी लांब पिटाळायची. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. चहा उतू गेला. गॅस मी बंद केला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ती पान उघडत नाही का?"

"उघडून काय करंल? आत सगळं देवनागरी. मुलगा माझा गुवाहाटीले, सून तिथलीच, शाळा इंग्रजी. ईशाले आपलं अक्षर येत नाही." त्या ओटा पुसत राहिल्या. "मराठीतली तेवढी एकच ओळ तिले वाचता येते, वरची, पत्त्याची. मंडळात सांगू नको हं. लोक हळहळतात."

मी सांगितलं नाही. दातेसाहेबांना एवढंच म्हणालो, की पत्ते बदलले तर लोकांकडचे जुने दुवे उघडणार नाहीत. ते खरंही होतं. साहेबांनी हट्ट सोडला, आणि पुढच्या सभेला मावशींना घ्यायला गाडी घेऊन स्वतः गेले.

मे महिन्याच्या सुट्टीआधी मावशींचा फोन आला. "एक पान पाहिजे. आत काही लिहू नको. नुसता पत्ता दे."

"काय पत्ता?"

त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. टाइप करून झाल्यावर मी वाचलं: 'ईशा-कधी-येते'.

ते पान मंडळाच्या साइटवर आहे. उघडलं, तर कोरं दिसतं.