तन्मयच्या खोलीतला वास

२०२३ साली, म्हणजे आभाचं लग्न झालं त्या वर्षी, एप्रिल महिन्यात तिचा भाऊ सुश्रुत बेहालाच्या फ्लॅटमध्ये एका मोज्यावरून भांडला. मोजा त्याच्याबरोबर राहणाऱ्या तन्मयचा होता आणि तो सुश्रुतच्या उशीवर वाळत होता.

कोलकात्याच्या त्या हवेत धुतलेले कपडे वाळत नाहीत, नुसते शिळे होतात. दोघं कॉलेजात शिकत होते. त्यांच्या फ्लॅटमध्ये खुर्ची, दार, खिडकीचे गज, जिथे म्हणून काही अडकवता येईल तिथे काहीतरी ओलं लटकत असे.

"उशी म्हणजे काय दोरी आहे?" सुश्रुत ओरडला.

"पंख्याच्या बरोबर खाली तीच एक जागा आहे ना! मी काय करू?" तन्मय जन्मापासून कोलकात्यातच वाढलेला. आईवडील बदली होऊन नागपूरला गेले, हा मागे राहिला.

"आजपासून तू तुझ्या खोलीत, मी माझ्या. परत तुझं दार वाजवलं तर बघ."

"नको वाजवू! मी मेलो तरी तुला सांगणार नाही!"

दार आपटलं. दुसऱ्या दिवसापासून सुश्रुतची प्रॅक्टिकल्स होती. तो सकाळी जाई, संध्याकाळी येई आणि तन्मयच्या बंद दारासमोरून मान ताठ ठेवून जाई. दाराखालून उजेड दिसे, आत पंखा कुरकुरत असे. आहे म्हणजे. बसू दे.

मग वास सुरू झाला. सुश्रुतला वाटलं, मोजे. त्याने आपल्या दाराशी उदबत्ती लावली. पण वास आंबट होता, जड होता, आणि दिवसेंदिवस वाढत होता. तरी त्याने दार वाजवलं नाही.

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण मासीमा नाकाला पदर लावून वर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा.

"ओ सुश्रुत! ये कैसा गंध है? मछली लाया क्या?"

"नहीं मासीमा, हम तो मछली खाते ही नहीं."

"तब तो और खराब बात है," मासीमा म्हणाल्या. "तन्मय कहाँ है?"

"अंदर."

"लास्ट कब देखा?"

सुश्रुत आठवू लागला. भांडणानंतर त्याने तन्मयला पाहिलंच नव्हतं. आंघोळीला जाताना नाही, चहा करताना नाही. त्याने दार वाजवलं. आधी एका बोटाने, मग मुठीने, मग दोन्ही हातांनी.

"तन्मय! अरे, उशीवर वाळव! माझी चादर पण घे! बोल ना!"

आत पंखा कुरकुरला. सुश्रुतने फोन लावला. फोन आतच वाजला, दोनदा थरथरला आणि बंद पडला.

मासीमा मटकन जिन्यावर बसल्या. "हे ठाकुर! भीतर से बंद है!"

तेवढ्यात सुश्रुतचाच फोन वाजला. नागपूरहून तन्मयची आई, अनुराधाकाकू.

"काय रे, तन्मय फोन का उचलत नाहीये?"

"काकू, तो... झोपलाय."

"अजून? बरा आहे ना?"

"शांत झोपलाय काकू," सुश्रुत म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याला रडूच फुटलं.

"सर्दी झालीये का तुला?"

"हो."

मासीमांनी तोवर गॅलरीतून पाड्याच्या क्लबला, म्हणजे गल्लीतल्या मंडळाला, हाक घातली होती. गल्लीत पूजा असो, लग्न असो की मयत असो, क्लबची माणसं धावतातच. क्लबचे दिलीपदा चार मुलांना घेऊन आले. त्यांनी दाराजवळ एकदाच श्वास घेतला आणि डोळे मिटले.

"दरवाजा बाद में. पहले बंदोबस्त," दिलीपदा म्हणाले. "बर्फ लगेगा. लड़के का वजन कितना?"

"अठ्ठावन्न," सुश्रुत हुंदका देत म्हणाला. "पण बर्फ कशाला? डॉक्टर बोलवा ना! डॉक्टर!"

"वो भी आएगा. सर्टिफिकेट के लिए तो लगेगा ही."

अर्ध्या तासात खाली शववाहिनी उभी राहिली. कोणी रजनीगंधाच्या माळा आणल्या. सारी गल्ली जमली. सुश्रुत दाराला कपाळ टेकून बसला होता. दार वाजवायला आपल्याला इतके दिवस का लागले, एवढाच एक विचार त्याच्या डोक्यात फिरत होता.

त्याच वेळी हावड्याच्या बसमधून तन्मय उतरला. दारात शववाहिनी पाहून तो गर्दीच्या मागे थांबला, हात जोडले आणि शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "कौन गया?"

"ऊपर का मराठी लड़का. एकदम जवान."

वरच्या मजल्यावर मराठी मुलं दोनच. त्यातला एक आपण इथे उभे. तन्मयने पुढचा हिशेब केला आणि हंबरडा फोडला. जवळचा कोणीतरी दिसतोय म्हणून लोकांनी त्याला वाट करून दिली. तो रडत जिना चढला. वर क्लबच्या मुलांनी दाराला खांदा लावला होता.

"सुश्रुत रे! एका मोज्यासाठी ना..."

सुश्रुतने मान वर केली. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही किंचाळले. नेमकं त्याच क्षणी दार मोडून आत पडलं.

खोलीत कोणी नव्हतं. पंख्याखाली पलंगावर एक मोठा टब होता, त्यावर तन्मयचा पंचा.

"दार कशाला तोडलंत?" जिन्यातून आवाज आला. कोलकात्यातच राहणारी सुश्रुतची आई, कालिंदीताई, काखेत सोऱ्या आणि हातात मिक्सर घेऊन वर येत होत्या. "गव्हाला हवा लागू दे म्हटलं होतं मी, एवढी नाही!"

"गहू?" सुश्रुत म्हणाला.

"कुरडयांचा. आभाच्या रुखवतासाठी भिजत घातलाय. आपल्या गार्डन रीचच्या क्वार्टरला गच्ची कुठाय? इथे आहे. तुझी परीक्षा, तू विसरशील, म्हणून तन्मयला सांगून गेले. रोज पाणी बदल, पंखा चालू ठेव."

सगळ्यांनी तन्मयकडे पाहिलं.

"मी टॉवेल वाळवायला गच्चीवर गेलो आणि खोलीचं दार मागे लॉक झालं ना," तन्मय डोळे पुसत म्हणाला. "किल्ली आत, फोन आत. मग आत्याकडे हावड्याला गेलो. आईला कळवू दिलं नाही, ओरडली असती. तुझा नंबर पण पाठ नाही."

"मला सांगायचं!"

"आपण बोलत नव्हतो ना."

कालिंदीताईंनी पंचा उचलला. दिलीपदा दोन पावलं मागे सरले. ताईंनी दाणा चिमटीत दाबून पाहिला. पांढरा चीक बाहेर आला. "जास्तच आंबलाय. पण चारपाच पाण्यांनी धुतला की चालेल. जरा गच्चीवर नेता का हो?"

क्लबची चार मुलं आलीच होती. त्यांनी चार बाजूंनी टब उचलला आणि सवयीने हळूहळू पावलं टाकत जिना चढली. खालच्या गर्दीतून वर पाहणाऱ्या दोघातिघांनी हात जोडले. ड्रायव्हरने हाक मारून विचारलं, "दादा, और कितना देर?"

मासीमांनी मात्र त्या दिवसापासून एक नियम केला. रोज सकाळी त्या वर येत आणि दोन्ही दारं काठीने बडवत. "बेँचे आछिस?" जिवंत आहेस का? आतून उत्तर येईपर्यंत त्या हलत नसत. रविवारी, सुट्टीला, तापात, कधीही. मुलं वैतागत. "आहोत, मासीमा, आहोत!" असं पांघरुणातून ओरडत आणि परत झोपत.

पुढच्या वर्षी एका सकाळी दोघंही खूप उशिरा उठले. कॉलेज बुडालं होतं. उठवायला कोणी आलं कसं नाही म्हणून तन्मय बाहेर आला, तर सुश्रुत आधीच जिना उतरत होता. या वेळी दार वाजवायला त्याने वेळ लावला नाही.

मासीमा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, पहिल्या बुधवारी पहाटे, झोपेत गेल्या.