काटाबाईंचा अबोला

भट्टीसाहेबांनी बायकोच्या खलबत्त्यात काळी पूड कुटली, तिथून हे सगळं सुरू झालं. प्रयोगशाळेतला खल तडकला होता आणि घरचा ओट्यावर नुसता बसून होता. पूड तांब्याची आणि आणखी दोन-चार धातूंची. तिच्या वड्या दाबून भट्टीत भाजायच्या आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत ठेवायच्या, म्हणजे त्यांच्यातून वीज बिनअडथळा वाहते. थंडीत आतले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालायला लागतात, आणि जोडीने निघालेल्यांना वाटेत कुणी अडवत नाही. खोलीतल्या साध्या हवेत अशा जोड्या जमवणारी वडी मात्र अजून कुणाला साधली नव्हती. भट्टीसाहेबांनी तिच्या नादात डोक्यावरचे निम्मे केस घालवले होते आणि उरलेले पिकवले होते.

वड्या भाजायचे ते, आणि त्यांतला अडथळा मोजायच्या त्यांच्या पत्नी. मीटरच्या काट्यापुढे त्या कुणाचं ऐकत नसत, म्हणून सगळी संस्था त्यांना काटाबाई म्हणे. या काटाबाईंनी आपला खलबत्ता आतून काळाठिक्कर झालेला पाहिला आणि अबोला धरला.

दिवसभर एकाच खोलीत काम, त्यामुळे बोलणं कपाटामार्फत चाले. त्यातच संस्थेने कळवलं होतं की ही खोली उपाहारगृहाला भांडी घासायला हवी आहे. पाहणीवाले साहेब येतील, त्यांना काटा शून्यावर दिसला तर प्रयोगशाळा राहील, नाही तर भट्टी अंगणात. अशा तंग हवेत एका दुपारी काटाबाई कपाटाकडे तोंड करून म्हणाल्या, "कुणाला तरी सांगा, काटा शून्यावर आलाय. थंडी न देता."

भट्टीसाहेब खिडकीला म्हणाले, "कुणाला तरी सांगा, वायर निसटली असेल."

वायर निसटली नव्हती. दोघांनी चारदा तपासली. मग भट्टीसाहेबांचा अबोला गळून पडला. "अगं, साधलं गं," म्हणत त्यांनी बायकोचे दोन्ही हात धरले. काटाबाईही हसल्या, आणि काटा टुणकन वर गेला.

त्यांनी वडी बदलली, मीटर बदललं, पंखा बंद करून पाहिला. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी घरी जाताना वाटाण्यांच्या भावावरून दोघांत थोडं बिनसलं आणि सकाळी काटा पुन्हा शून्यावर. तेव्हा काटाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. खोलीतली जोडी फुटली की वडीतली जमत होती. नवरा-बायकोचा अबोला खरा असला पाहिजे, एवढीच वडीची मागणी होती.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? भट्टीसाहेबांनाही तसंच वाटलं होतं. पण शोध लागल्याच्या आनंदात दोघांचं इतकं गूळपीठ जमलं की भांडण म्हणून होईना. त्यांनी मुद्दाम बायकोच्या मिक्सरमध्ये पूड फिरवली, मिक्सर जळला. काटाबाई म्हणाल्या, जाऊ दे, विज्ञानासाठी जळला. काटाबाईंनी सासूबाईंच्या स्वभावावर चार वाक्यं ऐकवली. भट्टीसाहेब म्हणाले, खरंच आहे तुझं.

शेवटी त्यांनी आईलाच गळ घातली. या घरात आजवर जी भांडणं झाली, त्यांतली निम्मी तिच्या एका उसाशावर पेटलेली होती. पण म्हातारीने साफ हात वर केले.

"भांडण काय सांगून होतं होय रे? ते आतून यावं लागतं," ती म्हणाली, आणि वर सुनेच्या बाजूने बोलून तिने होती नव्हती ती आशाही घालवली.

अशा संपूर्ण सुखात पाहणीचा दिवस उजाडला. पाहणीवाले साहेब खुर्ची ओढून मीटरपुढे बसले. काटा मधोमध, अगदी आरामात. भट्टीसाहेबांनी बायकोला कुजबुजत म्हटलं, तुझं अक्षर घाणेरडं आहे. ती लाजली. काटा आणखी वर चढला. साहेबांनी घड्याळात पाहिलं, आवराआवर कधी करता म्हणून विचारलं, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हो, विसरलो," साहेब फोनवर म्हणाले. "नाही, मुद्दाम नाही. बरं, मुद्दाम. आता मला या विषयावर काही बोलायचं नाही." त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला.

काटा घसरत घसरत आला आणि शून्यावर जाऊन बसला.

साहेबांनी वायर तपासली, मग पुन्हा तपासली. कारण सांगावंच लागलं. पण साहेब रागावले नाहीत. काट्याकडे पाहत ते म्हणाले, "इतकी वर्षं भांडतोय हो आम्ही. त्याचा जगाला काही उपयोग होईल, असं कधी वाटलं नव्हतं."

प्रयोगशाळा राहिली. साहेबांनी स्वतःची बदली तिथे करून घेतली. रोज सकाळी ते फुरंगटून येत, मीटरशेजारी बसत, आणि काटा दिवसभर हलत नसे. दूरदूरचे शास्त्रज्ञ पाहून जात. भट्टीसाहेब आणि काटाबाई घरी एका ताटात जेवू लागले.

मग एका सकाळी दारात एक बाई उभ्या राहिल्या. साहेबांच्या पत्नी. हातात साहेबांचा विसरलेला चष्मा, चेहऱ्यावर संकोच. "आत आहेत का हे?" त्यांनी विचारलं. "म्हटलं, किती दिवस ताणायचं? आपणच मिटवून टाकावं."

आत काटा थरथरला. पण काटाबाई पुढे झाल्या. आयुष्यात त्यांनी एक आकडाही खोटा सांगितला नव्हता. त्यांनी बाईंना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मायेने म्हणाल्या, "बरं झालं ताई, तुम्ही आलात. साहेब कालच म्हणत होते, बघा, येते की नाही नाक घासत."

बाईंनी पेला खाली ठेवला. चष्मा पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली आणि आल्या पावली निघून गेल्या. काटा शून्यावर खिळा ठोकल्यासारखा बसला.

भट्टीसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. भीती त्यांना तिची नेहमीच वाटे. आदर मात्र नवा होता.

"कोण आलं होतं?" आतून साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही, साहेब," भट्टीसाहेब म्हणाले. "पत्ता चुकल्या होत्या."