अर्ध्यावर न थांबणारी बॅटरी

आमच्या तालुक्यात बॅटरीने स्वतः होकार दिल्याशिवाय ती कुणाकडे जात नाही. दर बुधवारी अकरा ते एक माझ्या दुकानातल्या बॅटऱ्या फळीवर ओळीने बसतात, गिऱ्हाईक समोरच्या बाकावर बसतं आणि बॅटऱ्या त्याला प्रश्न विचारतात. मी, वसंत राऊळ, मध्ये टेबल टाकून दोन्ही बाजूंचं बोलणं उतरवून घेतो. होकार आला की शिक्का मारायचा, नकार आला की पुढचा बुधवार सांगायचा. वीस वर्षं हे चाललं आहे आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

बॅटऱ्यांची पसंती ठरलेली. सौरपट्ट्या बसवलेल्या बंगल्यात जायला सगळ्या एका पायावर तयार. डॉक्टर सामंतांच्या कॅम्पर व्हॅनसाठी तर गेल्या मे महिन्यात दोघींत भांडण जुंपलं, कारण व्हॅन महाबळेश्वरला जाणार होती. होडीचं नाव काढलं की मात्र सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी होतात. खारा वारा, हेलकावे, वर ताज्या मासळीचा वास. होडीला होकार दिलेली बॅटरी माझ्या वहीत एकही नव्हती.

शेवंती कुबल होडीसाठीच आली होती, आणि तेही लागोपाठ तिसऱ्या बुधवारी. खाडीपलीकडच्या कोरजुव्याला माणसं नेणारी तर, म्हणजे प्रवासी होडी, तिची. बापानंतर सव्वीस वर्षं सुकाणूवर तीच. येत्या सोमवारपासून खाडीत डिझेलचं इंजीन बंद होणार होतं, आणि ज्या तरीला बॅटरी नसेल तिचा परवाना पलीकडच्या रिसॉर्टच्या नौकेला मिळणार होता. रिसॉर्टने आधीच फलक लावला होता : माशांच्या टोपल्या घेतल्या जाणार नाहीत. कोरजुव्यावर मासळीवाचून दुसरा धंदा नाही.

"होडीसाठी कोण?" मी नियमाप्रमाणे विचारलं.

"मी येते! आत्ता येते!" कोपऱ्यातली, नुकतीच आलेली ट्रकची बॅटरी ओरडली.

"गप बस गो," शेवंती म्हणाली. "तू आरंभशूर. धक्क्यावर गडगडतलंस आणि खाडीत झोपतलंस."

तिचं बरोबर होतं. गाडीची बॅटरी इंजीन चालू करण्यापुरती एक जोराची उसळी देते, मग तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. घर, व्हॅन किंवा होडी चालवायला हळूहळू देत राहणारी, खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरणारी बॅटरी लागते. लोक तरीही दर वर्षी ट्रकची बॅटरी नेतात आणि दर वर्षी मला येऊन शिव्या देतात.

मग फळीवरची साठ किलोची ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती बॅटरी, बोलली. वयाने आणि वजनाने ती दुकानात मोठी, त्यामुळे तिचा शब्द इतर मोडत नाहीत. "आपण मला किती खाली उतरवणार?"

"पलीकडे जाईसर."

"मी निम्म्याखाली उतरत नाही. निम्मं झालं की थांबायचं, ही माझी अट आहे."

शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. "निम्मा म्हंजे खंय, भाऊ?"

मी हिशेब केला. भरलेली तर, ओहोटी, साठ किलोची बॅटरी. निम्मं म्हणजे कासवखडक, बरोबर खाडीच्या मधोमध, जिथे पाण्याची ओढ सर्वांत जास्त. मी तसं सांगितलं.

"म्हंजे माणसां खडकार उतरवू?"

"तो प्रवाशांचा प्रश्न आहे," ट्यूब्युलर म्हणाली.

लिथियमची बॅटरी स्वतः बोलत नाही. तिच्या आत एक व्यवस्थापक असतो, तोच सगळं बोलतो. तो म्हणाला, "आम्ही ऐंशी टक्क्यांपर्यंत देऊ. मात्र ऊन किंवा ओल जास्त वाटल्यास कोणालाही न विचारता बंद करू. बॅटरीची सुरक्षा प्रथम."

शेवंती बाकावरून उठली. आता ती रडणार असं मला वाटलं, कारण तिसऱ्या नकाराला बहुतेक गिऱ्हाइकं रडतात. ती रडली नाही. टेबलाला वळसा घालून ती फळीपाशी गेली. तिथे गिऱ्हाइकांना जायला मनाई आहे.

"तुमका किती येळा खाली करून परत भरूक येता?" तिने विचारलं.

"पंधराशे वेळा," ट्यूब्युलर म्हणाली. "तसं छापलेलं आहे."

"मी सव्वीस वर्सां रोज खाली जातंय. सांजेक माझ्यात कायएक उरणा नाय. पेज नि बांगडो खातंय, सकाळी परत भरतंय. निम्म्यार थांबतलंस काय म्हणान माका कधी कोणी इचारूक नाय."

"मग आपणच जा," ट्यूब्युलर कुत्सितपणे म्हणाली.

"जातंय. भाऊ, लिवा माझां नाव."

मी नियमावली काढली. बॅटरी म्हणजे काय, याची व्याख्या पान चारवर आहे : जी रिकामी होते, पुन्हा भरते आणि स्वतःच्या संमतीने जाते. शिशाचा उल्लेख नाही, आम्लाचा नाही. मी दोनदा वाचलं. मग तिच्या एका मनगटाला लाल चिमटा लावला, दुसऱ्याला काळा, आणि काटा पाहिला. बारा पूर्णांक सात व्होल्ट. अर्धा तास भार टाकला, काटा बाराच्या खाली उतरला नाही. फळीवरून लेखी हरकत आली, माणसाला बॅटरी मानणं हा बॅटऱ्यांचा अपमान असल्याची. मी हरकत वाचली, अमान्य केली आणि शिक्का मारला. खरं सांगायचं तर वीस वर्षांत इतक्या जोराने शिक्का मी मारला नव्हता.

सोमवारी सकाळी बंदर कार्यालयाचे निरीक्षक गवाणकर धक्क्यावर आले. रिसॉर्टचे मॅनेजर त्यांच्या मागोमाग, परवाना घ्यायला पिशवी घेऊनच. तरीत अठरा माणसं आणि अकरा टोपल्या होत्या. मी मोटरचे चिमटे शेवंतीच्या मनगटांना लावून घट्ट करत होतो.

"बॅटरी आसनाखाली, हवेशीर पेटीत असायला हवी," गवाणकर म्हणाले.

"मी पेटयेत बसूचंय नाय."

"नियम आहे, बाई."

"मग सुकाणू कोण धरतलो? तुमी?"

गवाणकरांनी नियम पुन्हा पाहिला. सुकाणू धरणाऱ्या बॅटरीसाठी त्यात तरतूद नव्हती, म्हणून मनाईही नव्हती. ते तरीत चढले. मीही चढलो. मोटर फिरायला लागली, आवाज न करता, आणि धक्का मागे पडला.

ओहोटी जोरात होती. कासवखडकापाशी होडी हळू झाली, मग जवळजवळ थांबली. शेवंतीचे ओठ पांढरे पडले होते आणि हात गार. मी काटा पाहिला. अकरा पूर्णांक नऊ; बारा म्हणजे निम्मं. इथून होडी मागे वाहिली असती तर थेट खाडीच्या तोंडाशी, लाटांत. टोपल्यांवर हात ठेवून बायका बसल्या होत्या. एकीने शेवंतीच्या तोंडाशी पेजेचं भांडं धरलं. ती दोन घोट प्याली आणि मान वळवली.

"बॅटरी निम्म्याखाली गेली," गवाणकर म्हणाले. "थांबवा. हा आदेश आहे."

"थांबवन दाखवा."

"बाई, तुम्हाला अपाय होईल!"

"सव्वीस वर्सां झालो. तेवा खंय होतात?"

त्यांनी चिमट्याकडे हात नेला. टोपलीवाल्या बायकांपैकी कुणीही उठलं नाही. सगळ्या नुसत्या त्यांच्या हाताकडे पाहत राहिल्या. हात परत खिशात गेला. काटा अकरा पूर्णांक चारवर आला आणि होडी खडकाच्या पुढे सरकली. अकरा पूर्णांक एकला होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, कोरजुव्याच्या वाळूत रुतली.

माणसं रोजच्यासारखी उतरली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कोरजुव्यात तशी पद्धत नाही. शेवंतीने उरलेली पेज सावकाश संपवली, उन्हाकडे तोंड करून बसली आणि परतीच्या लोकांना हाताने बोलावलं. मी चिमटे काढायला गेलो तर तिने मनगट मागे घेतलं.

गवाणकर वाळूत उभ्या उभ्या अहवाल लिहीत होते. सगळे रकाने भरले, शेऱ्यापाशी थांबले. त्यांनी तरीकडे पाहिलं. मग लिहिलं : बॅटरी ऐकत नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि परवाना तिच्या हातात दिला.