अंबूनानांचं सुटं घर

परंड्यात सिमेंटची नवी पाण्याची टाकी झाली तेव्हा अख्खं गाव माना वर करून उभं होतं. अंबूनाना बुरुडांनी टाकीला एक प्रदक्षिणा घातली, खांबाला टिचकी मारली आणि कंत्राटदाराला विचारलं, "सुटतं का हे?"

कंत्राटदाराचा चेहरा पडला. त्याला वाटलं, वर तक्रार गेली.

नानांचा तसला काही हेतू नव्हता. कुठलीही बांधलेली वस्तू दिसली की त्यांना हा एकच प्रश्न पडायचा, मग तो देवळाचा कळस असो की माझा नवा चष्मा. "बांधायचं काय, चिमणीबी बांधती," ते म्हणायचे. "सोडायला अक्कल लागती, गुरुजी."

गुरुजी म्हणजे मी. मास्तर होतो, आणि लिहिता येतं या एकाच गुन्ह्याखाली बुरुडांच्या सहकारी संस्थेचा सेक्रेटरी झालो होतो. बाकीचे सभासद टोपल्या, सुपं विणायचे. नाना बांबूच्या कामट्यांची 'पानं' करायचे. पान म्हणजे पुरुषभर उंचीची तट्टी. सगळी पानं एका मापाची, कुठलंही कुठंही बसावं अशी. काथ्याने बांधली की खोली तयार, गाठी ओढल्या की खोली बैलगाडीत. त्यांचं स्वतःचं खोपटंही पानांचंच. बायको होती तोवर दर उन्हाळ्यात ते घराचं तोंड फिरवायचे. ती वारल्यावर का कोण जाणे, घर एका जागी बसलं.

मग दुष्काळ पडला. नालाबांधाच्या कामावर बायका तान्ही पोरं उन्हात ठेवून माती वाहू लागल्या. त्या पोरांना सावली हवी होती, आणि काम पुढे सरकलं की सावलीही सरकायला हवी होती. निवाऱ्याचा नमुना बघायला तालुक्याचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर तो उभा करायचा, सोडायचा, पुन्हा उभा करायचा. पसंत पडला तर सगळ्या कामांवरचे निवारे आमच्या संस्थेचे. टोपल्या कुणी घेत नव्हतं, टोपलीत घालायलाच काही नव्हतं. सगळ्या सभासदांच्या चुली या नमुन्यावर अवलंबून होत्या.

साहेब यायच्या तासभर आधी आमचे चेअरमन पानाची मजबुती दाखवायला त्यावर चढले. मजबुती चेअरमनची दिसली. पान मोडलं.

नवं करायला दोन दिवस लागणार. मला नानांचं खोपटं आठवलं. "चला, तुमच्या घरचं एक काढू," म्हणत मी त्यांना ओढतच नेलं. 

खोपटं नव्हतंच. नुसते खांब आणि दाराशेजारचं एक पान उभं होतं. संस्थेचा बांबू कमी पडला तेव्हा नानांनी कुणाला न सांगता आपलं घर सोडून नमुन्यात घातलं होतं.

मी घाईघाईने त्या पानाच्या खांबाला मारलेल्या गाठी ओढल्या. तीन सुटल्या. चौथी कशीतरीच होती, बोचक्याला मारावी तशी गाठीवर गाठ.

"तिला हात लावू नका," नाना म्हणाले. "आमच्या हिनं मारलीय ती, शेवटल्या उन्हाळ्यात. लई बोललो व्हतो तिला, अशी गाठ सुटत न्हाय म्हणून. तर म्हणली, तुमचं समदं सुटतं, एक तरी ऱ्हाऊ द्या."

मला माझ्या घाईची लाज वाटली. पण साहेब निघाले असणार. मी हात मागे घेतला.

 नानांनी करवत आणली आणि त्या गाठीच्या वर नि खाली खांबच कापला. पान डोक्यावर घेऊन ते पुढे चालू लागले.

निवारा उभा राहिला, सुटला, पुन्हा उभा राहिला. साहेबांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली. चेअरमननी हार घालून घेतला. निघता निघता साहेबांना एका पानाच्या कोपऱ्याला बांधलेला वीतभर खुंट दिसला. त्यांनी गाठ ओढून बघितली.

"हे सुटत नाही का हो?"

आम्ही सगळे नानांकडे बघू लागलो. नानांनी पटका नीट केला.

"न्हाय साहेब," ते म्हणाले. "तेवढं न्हाय सुटत."